कालकथितनंतरची मोकळी जागा

मला राग लवकर येतो, हे आमच्या मिरजगावात सगळ्यांना माहीत आहे. पुण्याच्या कंपनीत रोज जात होते तेव्हा तो मीटिंगमध्ये गिळावा लागायचा. घरून काम सुरू झाल्यापासून तो आईवर निघतो, आणि आई तो रेडिओवरच्या बाजारभावासारखा ऐकते, म्हणजे कानाआड करते. याच रागाच्या भरात मी एकदा एक फुकटचं काम अंगावर ओढवून घेतलं.

झालं असं की मी बाजारतळाजवळच्या दुकानात झेरॉक्स काढायला गेले होते. तिथे फॉर्मही भरून देतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींसाठी कर्जतकडे एक वसतिगृह आहे. आईबाप दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर गेले की उन्हाळ्यातच परततात, तेवढे महिने मुलगी तिथे राहून शाळा शिकते. त्या प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन होता आणि तो ज्याने बनवला त्याचं माणसांशी काहीतरी जुनं वैर असावं. पानभर माहिती भरायची, शेवटचं बटण दाबायचं, मग पान पांढरंफटक व्हायचं, चक्र फिरत बसायचं, आणि पान परत यायचं ते कोरं करकरीत. वर लाल अक्षरांत एवढंच, की माहिती चुकीची आहे. कुठली माहिती, ते गुलदस्त्यात. मग दुकानदार पुन्हा विचारायचा, मावशी, नाव सांगा, आणि मावशी पुन्हा पहिल्यापासून सांगायची. एका बाईचं चारदा ऐकून माझी स्वतःची माहिती विसरून तिची पाठ झाली.

यापेक्षा बरा फॉर्म मी झोपेत बनवीन, असं मी मोठ्याने म्हणाले. माझ्यामागे रांगेत एक धोतर-टोपीतले गृहस्थ उभे होते. ते वसतिगृहाचे सचिव निघाले. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि मग बनवा म्हणाले, जागेपणी बनवलात तरी चालेल.

हे सचिव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. मराठीच्या बाबतीत सोवळे. मी फॉर्मला फॉर्म म्हटलं की ते अर्ज म्हणायचे, मी बटण म्हटलं की कळ म्हणायचे. चुकीची माहिती भरली तर काय सूचना दाखवायची, ते त्यांनी फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. भ्रमणध्वनी क्रमांक अवैध आहे. जन्मदिनांक अवैध आहे. नाव अवैध आहे. मला शब्दांशी देणंघेणं नव्हतं. मला पान कोरं होऊ द्यायचं नव्हतं, बस.

आणि तेवढं मी केलं, हे मी छाती फुगवून सांगते. माझ्या फॉर्ममध्ये पान जागचं हलत नाही. तुम्ही लिहीत असता आणि चूक झाली की त्या चौकटीखाली तिथल्या तिथे लाल अक्षरं येतात. बरोबर असेल तर हिरवी टिक येते. काही गोष्टी वसतिगृहाच्या कॉम्प्युटरला विचाराव्या लागतात, म्हणजे हा अर्ज आधी आलाय का वगैरे, पण तेही मागच्या मागे विचारून होतं. ताटावरून न उठता मीठ मागून घ्यावं तसं. एकेक अक्षर पडलं की लगेच तपासणी. मी दोन दिवस स्वतःच टाइप करून स्वतःच्याच चुका पकडत बसले आणि आईला बोलावून बोलावून दाखवलं. आई म्हणाली, छान आहे, आता जेवायला चल.

पहिला खरा अर्ज आक्काचा भरायचा, हे मी मनात धरलं होतं. आक्का माझी थोरली चुलत बहीण. आमच्या गल्लीतच राहते. तिचे यजमान वारले त्याला काही वर्षं झाली, पण ती अजूनही तोडीला जाते. तोडीच्या धंद्यात माणसं माणसांत मोजत नाहीत, कोयत्यांत मोजतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. आक्का गेल्या काही हंगामांपासून अर्धा कोयता आहे आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी आनंदाने घेत नाही. तिची मुलगी नववीत गेली, उंचीने आईच्या वर निघाली, तेव्हा टोळीच्या मुकादमाला हिशोब सुचला. पोरीला आण, पुरा कोयता धरतो, असं तो दर चार दिवसांनी दारात येऊन सांगत होता. आक्का त्याला बघू बघू म्हणत टोलवत होती. वसतिगृहात जागा मिळाली तर पोरगी नववीतच राहणार होती. नाही मिळाली तर घरात एकटी ठेवून जाता येत नाही, म्हणजे ती कोयत्याचा दुसरा अर्धा होणार होती.

तेव्हा रविवारी विहारातली वंदना झाल्यावर मी आक्काला तिथल्याच ओसरीवर बसवलं आणि तिच्याच फोनवर फॉर्म उघडून दिला. मी भरून देते म्हटलं तर नको म्हणाली. आक्का सातवीपर्यंत शिकली आहे आणि आपली सही दुसऱ्याने केलेली तिला खपत नाही. अवतीभवती गल्लीतल्या आणखी बाया जमल्या, कारण माझी फजिती होण्याची शक्यता असेल तिथे गर्दी आपोआप जमते.

सुरुवात मजेत झाली. आक्काने मोबाईल नंबरचा पहिला आकडा दाबला आणि खाली लाल अक्षरं उमटली, की भ्रमणध्वनी क्रमांक अवैध आहे. दुसरा दाबला, तरी अवैध. ती आकडे टाकत राहिली आणि फॉर्म तिला अवैध अवैध म्हणत राहिला, शेवटच्या आकड्यावर एकदाची हिरवी टिक आली. तुझ्या फॉर्मला दम म्हणून नाही, अशी तिने तक्रार केली. बाया हसल्या. मी म्हटलं, बघ किती तरतरीत आहे. माझी एक आत्या अशीच आहे, आपण आ केला की काय चुकलं ते सांगते, आणि तिच्याबद्दल माझं काय मत आहे ते गावाला ठाऊक आहे. पण त्या दिवशी तिची आठवण मला झाली नाही.

मग आली वडिलांच्या नावाची चौकट. आक्का सावरून बसली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत तिने आधी लिहिलं, कालकथित. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव नुसतं लिहीत नाहीत. इतर लोक कैलासवासी लिहितात, आम्ही कालकथित लिहितो. लग्नाच्या पत्रिकेत, पुण्यानुमोदनाच्या बॅनरवर, विहाराच्या फरशीवर कोरलेल्या देणगीदारांच्या नावांत, सगळीकडे. कालकथित हा शब्द पुरा झाला आणि त्याच्यापुढे हिरवी टिक आली. फॉर्मची काही हरकत नव्हती. मुलीच्या वडिलांचं नाव कालकथित.

मग आक्काने स्पेस दाबली, आणि टिक गेली. नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर दाबलं तशी खाली लाल ओळ आली. नाव अवैध आहे. तिने नाव पुरं केलं. नाव अवैध आहे. ती थांबून ओळीकडे बघत राहिली. तिने नाव खोडून पुन्हा लिहिलं, तेच नाव, नीट, दीर्घ वेलांटीसकट. नाव अवैध आहे.

कारण साधं होतं. नावाच्या चौकटीत एकच शब्द यावा, असा नियम मी घातला होता. लोक वडिलांच्या नावात आडनाव आणि गावही भरतात म्हणून. एका शब्दानंतर टिंब किंवा मोकळी जागा दिसली की चूक. मी आक्काला म्हटलं, अगं, ते कालकथित काढून टाक, नुसतं नाव लिही, लगेच घेईल. आणि मी हे मदत करणाऱ्याच्या आवाजात म्हटलं नाही. माझ्या फॉर्मला चारचौघांत नाव ठेवलं जात होतं, म्हणून चिडून म्हटलं.

"नुसतं कसं लिवू?" आक्का म्हणाली. "जित्ता हाय व्हय तो?"

मी म्हटलं, कॉम्प्युटरला काय फरक पडतो. ती म्हणाली, कॉम्प्युटरला नाही पडत, उद्या कुणी म्हणालं बाप आहे तर त्याची सही आणा, तर मी कुणाला आणू. तिचं म्हणणं बरोबर होतं आणि म्हणून मी आणखी चिडले. तेवढ्यात एका बाईने मागून वाकून ती ओळ मोठ्याने वाचली, नाव अवैध आहे, आणि ओसरी गप्प झाली. हा शब्द आमच्याकडे एकाच ठिकाणी वाचायला मिळतो. अवैध वाळू उपसा. अवैध दारू. पेपरात खाली फोटो असतो, त्यात टेम्पो असतो आणि टेम्पोपुढे पोलीस असतात.

आक्काचे यजमान गेले तेव्हा मृत्यूच्या दाखल्यात नाव चुकीचं पडलं होतं. ते दुरुस्त करायला तिने किती खेटे घातले ते मी पाहिलंय. प्रत्येक खिडकीवरचा माणूस कागद उलटा फिरवायचा आणि चूक आहे म्हणायचा. पुढच्या खिडकीवर गेलं की तोही तेच म्हणायचा. आता ओसरीवर बसून, चार बायांसमोर, तिच्या स्वतःच्या फोनने तिला तेच सांगितलं होतं, आणि तो फोन मी तिच्या हातात दिला होता.

"चूक हाय म्हनतंय," आक्का म्हणाली, "कुठं हाय ते सांगत न्हाई. असल्या लई खिडक्या बघितल्यात मी."

तिने फोन पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि ती गेली. जाताना मागे वळून नाही पाहिलं. मी घरी आले ती फणफणतच. आईने ताट वाढलं आणि आक्काचा फॉर्म झाला का विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, अर्थात माझ्या बाजूने. एका शब्दासाठी पोरीची शाळा घालवायला निघाली आहे, किती हा हट्ट, असं बरंच.  आई माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होती. भिंतीवर वडिलांचा फोटो आहे आणि मी लॅपटॉप घेऊन बसते ते बरोबर त्याच्या खाली. फोटोखाली नाव आहे. त्या नावाआधीचा कालकथित छापायचा राहिला होता म्हणून मी फ्रेमवाल्याशी त्याच्या दुकानात उभी राहून भांडले होते. आधीच मान खाली घातलेला तो बिचारा आणखी खाली वाकला होता. आमच्या वडिलांना नुसतं नावाने हाक मारायची तुझी हिंमत कशी झाली, असं मी त्याला विचारलं होतं. त्याच फोटोखाली बसून मी तो एका शब्दाचा नियम लिहिला होता.  आणि आईला हे सगळं न बोलता सांगता येतं, याचा मला त्या दिवशी फार राग आला.

जेवण अर्धवट ठेवून मी कामाला बसले. आधी ती अक्षरागणिक टोकायची खोड काढली. माणूस एक चौकट पुरी लिहून पुढच्या चौकटीवर जाईपर्यंत फॉर्मने तोंड उघडायचं नाही. मग वडिलांच्या नावाआधी एक साधा प्रश्न घातला, की वडील हयात आहेत का. नाही म्हटलं की त्याच पानावर, पान न हलता, खाली एक यादी उघडते. कालकथित, कैलासवासी, मरहूम, आणि काहीच नको असेल तर तसंही. जो शब्द निवडाल तो नावाच्या चौकटीआधी आपोआप येऊन उभा राहतो. मग चौकटीत नुसतं नाव लिहायचं, पण ते नुसतं राहत नाही.

राहिला तो अवैध शब्द. तो बदलायचा तर सचिवांची परवानगी हवी होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि नकार दिला. अवैध हा निर्दोष शब्द आहे, कोशात आहे, शासनमान्य आहे, लोकांना वाळू आठवते यात शब्दाचा काय दोष. मी वाद घातला नाही. स्वतःवर हा माझा मोठाच विजय होता. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. त्यावर जुना फॉर्म मुद्दाम ठेवला होता. म्हटलं, सर, तुम्हीच एकदा भरून बघा, पालक म्हणून.

सरांनी चष्मा पुसला आणि आपलं नाव लिहायला सुरुवात केली. ते स्वतःच्या नावाआधी श्री. लावतात, टिंबासकट. श्री झाला, हिरवी टिक आली. टिंब दिलं आणि लाल ओळ उमटली. त्यांनी स्पेस दिली, पूर्ण नाव लिहिलं, नावापुढे पदवीही लिहिली, आणि प्रत्येक अक्षरागणिक त्यांच्याच सुवाच्य मराठीत फॉर्म त्यांना सांगत राहिला, की नाव अवैध आहे. त्यांनी हात उचलून घेतले. 

"मी अवैध?" ते म्हणाले.

 चहा आला, तो आम्ही घेतला. मग त्यांनी नवा फुलस्केप काढला आणि सूचना कशा असाव्यात ते मला विचारलं. मी म्हटलं, काय चुकलं आणि कुठे लिहायचं, एवढंच सांगू या. त्यांनी लिहिलं, इथे फक्त नाव लिहा, आडनावासाठी खाली जागा आहे. भ्रमणध्वनी मात्र त्यांनी सोडला नाही. तेवढा मी राहू दिला.

तिथून मी थेट आक्काकडे गेले. ती अंगणात बसून तोडीच्या सामानाचं गाठोडं बांधत होती. राहायच्या पालाची ताडपत्री, तवा, दोन घमेली. वर मुलीचे दोन ड्रेस घडी करून ठेवलेले होते.  मुलगी उंबऱ्यात बसून भूगोलाचं पुस्तक वाचत होती, किंवा वाचल्यासारखं करत होती. मी आक्काला म्हटलं, माझं चुकलं, आता एकदा बघ. आक्काने गाठ मारणं थांबवलं नाही. मग मी फोन तिच्या मांडीवर ठेवला आणि अंगणातल्या बाजेवर जाऊन बसले, तोंड बंद करून, जे मला किती जड जातं ते आक्काला माहीत आहे. शेवटी तिला माझीच दया आली असावी.

तिने नंबर लिहिला. फॉर्म गप्प राहिला. वडील हयात आहेत का, यावर तिने बोट काही वेळ अधांतरी धरलं आणि मग नाही दाबलं. यादी उघडली. तिने कालकथित निवडलं आणि तो शब्द चौकटीआधी येऊन उभा राहिला. तिने नाव लिहिलं. लाल काही आलं नाही. पुढच्या चौकटीवर गेल्यावर नावापुढे हिरवी टिक आली आणि आक्काने पदराचं टोक डोळ्याला लावलं. मग ती पुढचं लिहायला लागली.

शेवटचं बटण दाबलं आणि आमच्या गावचं नेटवर्क नेमकं त्याच वेळी गेलं. चक्र फिरायला लागलं. आक्काचा चेहरा उतरला. आता सगळं पुसून जाणार, असं ती म्हणाली. मी सांगितलं, पान हलत नाही, लिहिलेलं कुठे जात नाही. आम्ही तिघी डोकी एकत्र करून त्या चक्राकडे बघत बसलो, मुलगी भूगोल विसरून. चक्र थांबलं तेव्हा खाली एवढंच लिहून आलं, तुमचा अर्ज मिळाला. आक्काने ते तीनदा वाचलं. मुलीने उठून गाठोड्यावरचे आपले दोन ड्रेस काढून घेतले आणि ती आत गेली.

जागा मिळाल्याचं सचिवांनी स्वतः फोन करून कळवलं. भ्रमणध्वनी करून.

टोळीचा ट्रक आला तेव्हा मी आक्काला निरोप द्यायला चौकात उभी होते. मुलीला आदल्याच आठवड्यात वसतिगृहावर पोचवलं होतं. मुकादम वही घेऊन एकेक कोयता मोजून वर चढवत होता. आक्काची पाळी आली आणि त्याने तिच्यामागे बघितलं. पोरगी कुठंय, त्याने विचारलं, मी पुरा कोयता लिहिलाय. आक्काने सांगायला तोंड उघडलं, आणि तिचं पहिलं वाक्यही व्हायच्या आत त्याचा आवाज चढला. असं ऐन वेळी चालायचं नाही, ट्रक थांबलाय, शब्द दिला होता, काय नि काय. तोंड लालबुंद. आक्काने शेजारच्या बाईच्या हातात गाठोडं दिलं.

"मुकादम, आदी माजं बोलनं पुरं हू द्या," ती म्हणाली. "मंग लाल व्हा."

ट्रकवरचे लोक हसले. मुकादम गप्प झाला. तो गप्प झाल्याची खात्री करून घेऊन आक्का सावकाश बोलली.

"पुरा कोयता हुता तो पोरीच्या बापासंगं. त्यो कालकथित झाला. पोरगी शाळंत हाय. आता अर्धाच हाय, अर्धाच लिवा."

मुकादमाने वहीतला आकडा खोडला आणि वर अर्धा लिहिला. आक्काने वाकून ते वाचलं, बरोबर लिहिलंय याची खात्री केली, आणि मगच ती ट्रकमध्ये चढली.